लेस्टरचे मास्तर

आमचा नातू फुटबॉलवेडा आहे. रात्री-अपरात्री उठून इंग्लंडातले सामने बघतो, आणि त्याचा संघ हरला की दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी घरात सुतक असतं. परवा असाच तावातावाने म्हणाला, "आजोबा, आमच्या मॅनेजरला आत्ताच्या आत्ता नारळ द्यायला हवा. हंगाम संपेपर्यंत थांबलं तर सगळं संपलंच." मी म्हटलं, "अरे, पण नवा माणूस आला की संघ जिंकणारच, हे तुला कुणी सांगितलं?" त्यावर त्याने लेस्टरचं नाव घेतलं आणि शाळेला निघून गेला. मी पडलो इतिहासाचा मास्तर. एखादं उदाहरण हाती आलं की ते मुळापर्यंत खणल्याशिवाय मला चैन पडत नाही. तर हे त्या खणण्याचं फलित.

ज्यांना फुटबॉल ठाऊक नाही त्यांच्यासाठी आधी थोडं. (आमच्या सौ. आणि तिच्या बहिणी यांना उद्देशून.) हा मॅनेजर म्हणजे बँकेतला मॅनेजर नव्हे. संघात कोण खेळणार, कोण बसणार, सराव कसा घ्यायचा, डाव कसा मांडायचा हे ठरवणारा तो. आपल्या भाषेत संघाचा मास्तरच म्हणा ना. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये २० संघ. ऑगस्ट ते मे प्रत्येकाने ३८ सामने खेळायचे. जिंकलं तर ३ गुण, बरोबरी झाली तर १. वर्षाअखेर तळाचे तीन संघ खालच्या लीगमध्ये जातात, आणि त्याबरोबर टीव्हीचा प्रचंड पैसाही जातो. दुसरी गोष्ट, खेळाडूंची खरेदी-विक्री वर्षातून दोनदाच होते, एकदा उन्हाळ्यात आणि एकदा जानेवारीत. म्हणजे फेब्रुवारीत संघ बुडायला लागला तर मालकाच्या हातात बदलता येण्यासारखी एकच गोष्ट उरते. पंचवीस खेळाडू बदलता येत नाहीत, मास्तर बदलता येतो!

आता लेस्टर. इंग्लंडच्या मध्यभागातलं गाव, गुजराती वस्तीसाठी आपल्याकडे माहीत असलेलं. इथला क्लब २०१४ साली वरच्या लीगमध्ये आला आणि लगेच तळाला जाऊन बसला. मॅनेजर होते नायजेल पिअर्सन. फेब्रुवारी २०१५ मध्ये घरच्या मैदानावर क्रिस्टल पॅलेसकडून हरले, आणि दुसऱ्या दिवशी त्यांना काढल्याच्या बातम्या पसरल्या. संध्याकाळी उशिरा क्लबने सांगितलं की तसं काही नाही, पिअर्सनच राहणार. २९ सामने झाले तेव्हा संघाचे गुण होते फक्त १९. आणि मग पुढच्या नऊ सामन्यांपैकी सात जिंकले, एक बरोबरीत सोडवला. ४१ गुण, चौदावा क्रमांक. बुडणारा संघ वर आला, आणि मास्तर तोच!

इथे एक गंमत सांगायलाच हवी. इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड १४८५ साली बॉसवर्थच्या लढाईत मारला गेला. त्याचा सांगाडा २०१२ साली याच लेस्टर गावात एका कार पार्किंगखाली सापडला, आणि २६ मार्च २०१५ रोजी तिथल्या कॅथीड्रलमध्ये त्याचं सन्मानाने दफन झालं. लेस्टरच्या विजयांची मालिका सुरू झाली ४ एप्रिलला! लोक गमतीने म्हणू लागले की ही सगळी राजाची कृपा. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ. हे वाक्य जरा लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

जून अखेरीस क्लबने पिअर्सनना मतभेदांचं कारण देऊन मोकळं केलं आणि जुलैत क्लॉडिओ रानिएरी या इटालियन गृहस्थांना आणलं. वय ६३. आदल्याच नोव्हेंबरात ग्रीसच्या राष्ट्रीय संघाने त्यांना काढलं होतं, कारण ग्रीस घरच्या मैदानावर फॅरो बेटांकडून हरला होता. फॅरो बेटं म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या लहानशा तालुक्याएवढी लोकसंख्या. असा माणूस आणल्यावर लोक हसणारच. लेस्टर विजेता होईल यावर पैजेचा भाव होता एकास पाच हजार. आणि २ मे २०१६ रोजी लेस्टर विजेता झाला. ८१ गुण, दुसऱ्या क्रमांकाच्या आर्सेनलपेक्षा १० अधिक.

गोष्ट इथे संपली असती तर नातवाने ती सांगितली नसती. पुढच्या हंगामात मधल्या फळीचा कणा असलेला कांटे चेल्सीकडे गेला. युरोपातल्या चॅम्पियन्स लीगमध्ये लेस्टर गटात पहिला आला, पण घरच्या लीगमध्ये घसरण सुरू झाली. २०१७ साल उजाडल्यापासून लीगमध्ये एक गोल नाही. सलग पाच पराभव. २५ सामन्यांत २१ गुण, सतरावा क्रमांक, तळाच्या तिघांपेक्षा फक्त एक गुण वर. २२ फेब्रुवारीला स्पेनमध्ये सेव्हियाकडून १-२ हरले आणि २३ तारखेला रानिएरींना काढलं. विजेतेपदाला अजून दहा महिनेही व्हायचे होते. जोझे मोरिन्यो हे मँचेस्टर युनायटेडचे मॅनेजर, स्वतः एरवी फार गोडबोले नव्हेत, पण ते पत्रकारांसमोर शर्टावर रानिएरींची आद्याक्षरं लावून बसले.

मलाही वाचताना फार वाईट वाटलं. कृतघ्नपणाच हा! पण इतिहास लिहिताना आपल्याला वाईट वाटणं बाजूला ठेवावं लागतं. पुढे काय झालं ते पाहा. रानिएरींचे सहायक क्रेग शेक्सपिअर यांच्याकडे संघ दिला. (नाव पाहा! आणि हे पिअर्सनच्या वेळीही सहायकच होते.) चार दिवसांनी लेस्टरने लिव्हरपूलला ३-१ असं हरवलं. लीगमधले सलग पाच सामने जिंकले. मधल्या मधे सेव्हियालाही २-० असं परत पाठवलं आणि युरोपात उपांत्यपूर्व फेरी गाठली. उरलेल्या १३ सामन्यांत २३ गुण मिळवून संघ बारावा आला. नातवाचा मुद्दा हाच. मास्तर बदलला, वर्ग पास झाला.

आता तो कावळा आणि ती फांदी.

बास तेर वेल नावाच्या डच अर्थशास्त्रज्ञाने हॉलंडच्या लीगची १९८६ ते २००४ अशी अठरा वर्षं तपासली. त्याला दिसलं की मॅनेजर काढण्याआधी संघाची कामगिरी घसरते आणि काढल्यावर सुधारते. इथवर सगळ्यांनाच माहीत आहे. पण त्याने पुढे जाऊन असे संघही शोधले जे तसेच घसरले होते पण ज्यांनी मॅनेजर बदलला नाही. तेही जवळजवळ तसेच सुधारले होते! कारण साधं आहे. मॅनेजरला काढतात तेव्हा संघ त्याच्या नेहमीच्या लायकीपेक्षा फार खाली गेलेला असतो. तिथून तो वर येण्याचीच शक्यता जास्त. आदल्या वर्षी ८१ गुण मिळवणारा संघ काही एकाएकी २५ सामन्यांत २१ गुणांच्या लायकीचा होत नाही.

हे वाचलं आणि मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो. कारण माझ्याच बाबतीत घडलेली एक गोष्ट आठवली. मी नोकरीत असताना एका वर्षी दहावीच्या एका तुकडीचा सहामाहीचा निकाल फार वाईट लागला. वर्गशिक्षक माझे धाकटे सहकारी होते, नुकतेच रुजू झालेले. दिवाळीच्या सुट्टीनंतर त्यांच्याकडून वर्ग काढून माझ्याकडे दिला. जूनमध्ये निकाल लागला, तुकडी चांगली पास झाली. स्नेहसंमेलनात मला शाल-श्रीफळ मिळालं. म्हणजे एका नारळाच्या बदल्यात दुसरा नारळ. पुढे कित्येक वर्षं लोक माझी ओळख करून देताना ती तुकडी सांगायचे आणि मी नम्रपणे मान हलवायचो.

खरं काय होतं? सहामाहीच्या प्रश्नपत्रिका आम्ही मुद्दाम कठीण काढायचो, मुलांना धास्ती बसावी म्हणून. आणि दहावीची मुलं दिवाळीनंतरच अभ्यासाला लागतात, हे कुठलाही मास्तर सांगेल. मी काही वेगळं केलं का? रोज पाऊण तास जादा तास घेतला, हे खरं. पण तो तर त्या सरांनीही सुरू केलाच होता. मी त्यांना तेव्हा एका शब्दानेही हे बोललो नाही. दोन वर्षांनी ते दुसऱ्या गावी गेले. शाल अजून कपाटात आहे.

असो. पुन्हा लेस्टरला जाऊ, कारण पुढचा भाग नातवाने सांगितला नव्हता.

शेक्सपिअरना जून २०१७ मध्ये तीन वर्षांचा करार मिळाला आणि ऑक्टोबरात नारळ! जेमतेम चार महिने. मग क्लबला जणू सवयच लागली. २०१९ च्या फेब्रुवारीत पुन्हा बदल झाला आणि ब्रेंडन रॉजर्स आले. हे चांगले ठरले, २०२१ साली त्यांनी एफ.ए. कप मिळवून दिला. पण २ एप्रिल २०२३ ला त्यांनाही जावं लागलं. संघ एकोणिसावा होता आणि उरले होते दहा सामने. नवे डीन स्मिथ आले तेव्हा आठच. शेवटचा सामना जिंकूनही लेस्टर ३४ गुणांवर अडकून खाली गेला. त्याच हंगामात एव्हर्टनने हाच निर्णय जानेवारीत घेतला होता आणि ते दोन गुणांनी वाचले. मग म्हणावं का, की चूक बदलण्यात नव्हती, उशीर करण्यात होती?

लेस्टरच्या मालकांनीही बहुधा तसंच मानलं असावं. वर्षभरात पुन्हा वर आल्यावर त्यांनी २४ नोव्हेंबर २०२४ लाच स्टीव्ह कूपरना काढलं. १२ सामने झाले होते, १० गुण होते, संघ सोळावा होता. रूड फान निस्टलरॉय आले. उरलेल्या २६ सामन्यांत मिळाले १५ गुण, आणि संघ पुन्हा खाली. मी कागदावर गणित मांडून पाहिलं. कूपरच्याच गतीने गेले असते तर सुमारे ३२ गुण झाले असते. सतराव्या टॉटनहॅमचे होते ३८. म्हणजे तरीही बुडालेच असते! (त्या टॉटनहॅमने आपला मॅनेजर हंगामभर ठेवला. त्याने मे महिन्यात युरोपा लीग जिंकून दिली आणि सोळा दिवसांनी त्याला काढण्यात आलं. या धंद्यात न्याय शोधू नये.)

न बदलण्याच्या बाजूने सगळे अ‍ॅलेक्स फर्ग्युसनचं नाव घेतात. १९८९ च्या अखेरीस मँचेस्टर युनायटेडचे प्रेक्षक त्यांच्याविरुद्ध फलक लावत होते. ७ जानेवारी १९९० ला नॉटिंगहॅम फॉरेस्टविरुद्ध मार्क रॉबिन्सने गोल केला, संघ १-० जिंकला, मे महिन्यात एफ.ए. कप हाती आला. फर्ग्युसन २०१३ पर्यंत राहिले आणि ३८ करंडक मिळवले. योगायोग असा की त्या दिवशी समोरच्या फॉरेस्टचे मॅनेजर होते ब्रायन क्लफ, ज्यांना १९७४ साली लीड्सने अवघ्या ४४ दिवसांत घालवलं होतं, आणि ज्यांनी पुढे फॉरेस्टला लागोपाठ दोनदा युरोपचं विजेतेपद मिळवून दिलं. पण फर्ग्युसनच्या उदाहरणातही एक खोट आहे. मॅनेजर ठेवला आणि संघ बुडाला, अशांच्या गोष्टी कुणी सांगत नाही. बर्नलीने २०२३-२४ मध्ये कोंपानीला शेवटपर्यंत ठेवलं आणि ते एकोणिसावे येऊन खाली गेले.

मग माझं मत काय? मला वाटतं, दोन गोष्टी पाहाव्यात. संघ आपल्या लायकीपेक्षा खाली आहे की लायकीच तेवढी आहे? आणि येणारा माणूस त्या घरातला आहे की परका? २०१७ मधला शेक्सपिअर घरातला होता, संघही विजेता होता. २०२४ मध्ये यातलं काहीच नव्हतं.

आणि ज्या नोव्हेंबरात लेस्टरने कूपरना काढलं, त्याच महिन्यात दहा दिवस आधी इटलीत रोमा क्लबनेही हंगामातला दुसरा मॅनेजर घालवून तिसरा आणला होता. संघ बारावा होता, १२ सामन्यांत १३ गुण. आलेला माणूस ७३ वर्षांचा, रोममध्येच जन्मलेला, तरुणपणी त्याच क्लबकडून खेळलेला आणि मे महिन्यातच निवृत्ती जाहीर करून बसलेला. उरलेल्या २६ सामन्यांत त्याने ५६ गुण मिळवून संघ पाचवा आणला. तो माणूस म्हणजे क्लॉडिओ रानिएरी!

हे सगळं मी नातवाला सांगितलं. त्याने मोबाईल खाली ठेवून ऐकलं, हेही काही कमी नाही. मग म्हणाला, "ते सगळं ठीक आहे आजोबा, पण आमच्या मॅनेजरला काढायचं की नाही?"

मी विचारलं, "त्याच्या जागी कोण आहे?"

दोन-तीन नावं त्याने घेतली, आणि प्रत्येक नावाला स्वतःच नाक मुरडलं.