आवाजाची ओळख आणि आंधळ्याची साक्ष

माणूस दिसला नाही, केवळ त्याचा आवाज ऐकला, तर तो अमुकच होता असे काजीपुढे सांगता येईल काय? इस्लामी न्यायशास्त्रात हा प्रश्न आंधळ्या साक्षीदाराच्या निमित्ताने उभा राहिला आणि त्यावर इमामांचे एकमत झाले नाही.

मदीनेचे इमाम मालिक (मृत्यू इ.स. ७९५) यांनी अशी साक्ष ग्राह्य मानली. आंधळा पती पत्नीला आवाजावरूनच ओळखतो आणि शरीअतला ती ओळख पुरेशी वाटते, असा या बाजूचा युक्तिवाद होता. कूफ्याचे इमाम अबू हनीफा (मृत्यू इ.स. ७६७) यांनी नकार दिला. आवाज आवाजासारखा असतो आणि संशयावर कोणाचा हक्क हिरावता येत नाही, ही हनफी भूमिका. इमाम शाफई यांनी वाट ठेवली, पण फारच अरुंद: बोलणाऱ्याने आंधळ्याच्या कानाशी कबुली द्यावी आणि आंधळ्याने त्याला तसेच धरून काजीपुढे आणावे!

हनफींची शंका पोकळ नव्हती. बसऱ्याच्या जाहिजने (इ.स. नववे शतक) येमेनी, खुरासानी, सिंधी लोकांचे उच्चार हुबेहूब उचलणाऱ्या नकलाकारांचे वर्णन केले आहे. हे नकलाकार आंधळ्यांचीही नक्कल करीत.

त्याच शतकातील इमाम बुखारी (मृत्यू इ.स. ८७०) यांनी मात्र आपल्या हदीससंग्रहात आंधळ्याच्या साक्षीवर स्वतंत्र प्रकरण घालून उलट बाजूची उदाहरणे एकत्र केली. दाराबाहेर मखरमा बोलले, तो आवाज पैगंबरांनी (स.) ओळखला. हजरत आयेशांनी (रजि.) सुलैमान बिन यसार यांना आवाजावरूनच आत बोलावले. इब्ने अब्बास (रजि.) यांची दृष्टी उतारवयात गेली होती, त्यांची साक्ष कोण नाकारील, हा इमाम जुहरींचा सवालही तेथे आहे. आंधळे इब्ने उम्मे मक्तूम यांच्या अजानवर तर साऱ्या मदीनेचा रोजा सुरू होई.

येथे हनफी मतातील एक पेच लक्षात घेण्याजोगा आहे. आंधळ्या रावीची हदीस हनफींनाही मान्य होती. म्हणजे धर्माच्या बाबतीत त्याच्या कानावर विश्वास, पण उसनवारीच्या दाव्यात नाही. साक्षीने समोरच्या माणसावर थेट बोजा पडतो, रिवायतीने तसा पडत नाही, असे त्याचे उत्तर दिले जाई.

हिंदुस्तानातील काजी बहुतांशी हनफी मताने चालत. १८७२ च्या पुरावा कायद्यानंतर आंधळेपणाची ही आडकाठी राहिली नाही; साक्ष किती विश्वासार्ह, एवढेच न्यायाधीशाने ठरवायचे. पुढे २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने संशयिताच्या आवाजाचा नमुना घेण्याचा आदेश देण्यास दंडाधिकाऱ्यांना मुभा दिली, आणि १ जुलै २०२४ पासून नव्या फौजदारी संहितेत तशी स्पष्ट तरतूद लागू झाली. नमुना यंत्रावर तपासला जातो. एक आवाज दुसऱ्यासारखा असू शकतो, ही हनफींची हरकत आता बचावाचे वकील घेतात.