गुहागरला उतरायचं कुठे?

मे महिना किंवा दिवाळीची सुट्टी जवळ आली की आमच्याकडे एक प्रश्न हमखास येतो. "आत्या, गुहागरला चांगलं हॉटेल कुठलं गं?" अलीकडे त्या प्रश्नाला एक शेपूटही आलं आहे. "आणि जरा इको-फ्रेंडली असेल तर बरं!" विचारणारी आमचीच भाचेमंडळी, पुण्या-मुंबईची. हेतू चांगला आहे. पण इतिहास शिकवण्यात आयुष्य गेल्यामुळे मला साध्या प्रश्नाचं उत्तर द्यायलाही शे-दोनशे वर्षं मागे जाऊन यावं लागतं. तेवढं चालवून घ्या.

गुहागरला हवा खायला येणाऱ्या पाहुण्यांत जुन्या नोंदींत सापडणारा सगळ्यात बडा माणूस म्हणजे दुसरा बाजीराव पेशवा. रत्नागिरी जिल्ह्याच्या इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटिअरात म्हटलं आहे की, १८१२ साली तो इथे आला आणि पुढची काही वर्षं येत राहिला. समुद्राच्या बाजूला त्याचा वाडा होता. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली. मग वाडाही मोडला आणि त्याचं सामान सरकारी कचेऱ्यांच्या बांधकामाला गेलं. वर्षातले थोडे दिवस राहण्यासाठी समुद्राकाठी बारमाही इमारत उठवायची, ही हौस काही आजची नव्हे!

पण सामान्य माणूस कुठे उतरत असे? गुहागरचा व्याडेश्वर कित्येक घराण्यांचं कुलदैवत. लग्न झालं, मुंज झाली, की माणसं दर्शनाला येत. ती उतरत उपाध्यांच्या घरी, नाहीतर ओळखीपाळखीच्या कुणाकडे. मराठीत 'उतरणं' हा शब्द किती छान आहे बघा. आपण कुणाकडे 'उतरतो' तेव्हा त्या घराच्या पद्धतीने राहतो. ओटीवर किंवा पडवीत चटई टाकून झोपायचं, विहिरीवर आंघोळ, घरात जे शिजेल ते केळीच्या पानावर जेवायचं. निघताना दक्षिणा द्यायची, शिधा द्यायचा.

ज्यांनी गुहागर पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडं भूगोलाचं. गाव म्हणजे एक लांबच लांब रस्ता आणि त्याच्या दोन्ही बाजूंना घरं. पश्चिमेच्या घरांमागे नारळी-पोफळीची आगरं थेट समुद्रापर्यंत गेलेली. चिरा जांभ्याचा, माती इथली, छपराला वासे इथले. मोरीचं पाणी पाटाने अळवाला आणि केळीला जायचं. जेवणाची पानं गुरांपुढे, झावळ्या चुलीत, राख भांडी घासायला आणि उरलंसुरलं खताच्या खड्ड्यात. शिंपणं रहाटाने व्हायचं. चार पाहुणे आले काय नि गेले काय, गावाला त्याचा भार कळत नसे, कारण त्यांच्यामागे फेकायचं असं काही उरतच नसे.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर इतिहास खोटा होईल. हा पाहुणचार सगळ्यांसाठी नव्हता. जात विचारून पान मांडलं जाई. कुणाला ओटीवर, कुणाला अंगणात आणि कुणाला वेशीपर्यंतच, असा तो हिशोब होता. शिवाय पाहुण्यांसाठी पहाटे उठून चुलीपुढे बसणाऱ्या घरच्या बाईला त्यातली दमडी मिळत नसे. पैसे मोजले की कुणालाही खोली मिळावी ही सोय हॉटेलाने केली, आणि ते त्याचं फार मोठं पुण्य आहे. म्हणून "जुनं तेच सोनं" असं मी म्हणणार नाही. जुन्यातलं पाण्याचं आणि कचऱ्याचं शहाणपण तेवढं उचलावं.

प्रवासाचंही तसंच. मुंबईहून कोकणात यायचं ते आगबोटीने. बोट दाभोळला लागली की पुढे होडी, बैलगाडी, नाहीतर चालत. पावसाळ्यात समुद्र खवळला की बोटी बंद. त्यामुळे येण्याजाण्याला आपोआप हंगाम होता आणि आलेला माणूस चांगला पंधरा दिवस राहत असे. पुढे एस.टी. खेडोपाडी पोहोचली आणि बोटी मागे पडल्या. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली आणि चिपळूण मुंबईला जवळ आलं. नव्वदच्या दशकातच आमच्या शेजारी अंजनवेल-वेलदूरला एन्रॉनचा दाभोळ वीज प्रकल्प आला. १९९९ साली वीज सुरू झाली, २००१ मध्ये प्रकल्प बंद पडला आणि २००५ नंतर नव्या कंपनीकडे गेला. त्या सगळ्या धामधुमीत बाहेरगावची माणसं आली आणि खोल्या भाड्याने द्यायची सवय या भागाला लागली. मग रस्ते सुधारले, घरोघरी गाड्या आल्या. आता लोक शनिवारी येतात आणि रविवारी जातात.

शनिवारी येऊन रविवारी जाणाऱ्याला घर कळायला वेळ नसतो. त्याला शहरातल्यासारखी खोली इथे हवी असते. एसी, फवारा, रोज नवी चादर, बाटलीतलं पाणी आणि खिडकीतून समुद्र. पूर्वी पाहुणा घराच्या मापाचा होत असे. आता गाव पाहुण्याच्या मापाचं करायचं चाललं आहे. माझी चिंता ती आहे.

यात पाण्याची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. आमच्याकडे पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो. पण जांभा पाणी धरून ठेवत नाही, म्हणून एप्रिल-मेमध्ये सड्यावरच्या वाड्यांत टंचाई असते, आणि पर्यटकांची गर्दीही नेमकी तेव्हाच! किनाऱ्यालगत वाळूच्या पोटात खाऱ्या पाण्यावर गोड्या पाण्याचा थर तरंगत असतो. रहाटाने उपसलेलं पाणी पावसाळ्यात भरून येई. विजेच्या पंपाने बेसुमार ओढलं की खालचं खारं पाणी वर सरकतं. एकाच्या बोअरिंगने शेजाऱ्याची विहीर मचूळ होते. संडासाचा शोषखड्डाही याच वाळूत असेल तर त्याचं पाणी कुठे जातं, हे वेगळं सांगायला नको. किनाऱ्यालगतच्या बांधकामांवर १९९१ पासून कायद्याने निर्बंध आहेत. २०११ आणि २०१९ मध्ये त्यात फेरफार झाले. पण नियम कागदावर असतो, आणि विहीर आपल्या परसात असते.

मग 'इको-फ्रेंडली'ची पाटी बघून जावं का? त्या पाटीचाही एक गमतीदार इतिहास आहे. 'ग्रीनवॉशिंग', म्हणजे वरवरचा हिरवा मुलामा, हा इंग्रजी शब्द हॉटेलातल्या टॉवेलवरून आला. जे वेस्टरवेल्ड नावाच्या अमेरिकन माणसाने फिजी बेटांवरच्या एका रिसॉर्टमध्ये "टॉवेल पुन्हा वापरा, पृथ्वी वाचवा" अशा अर्थाची चिठ्ठी पाहिली होती. तिकडे रिसॉर्ट वाढतच होतं. १९८६ मध्ये त्याने लेख लिहिला आणि तो शब्द रूढ झाला. टॉवेल वाचवावा हे खरंच, पण तेवढ्यावर प्रमाणपत्र देऊ नये.

चांगलं उदाहरण हवं असेल तर लांब जायला नको. आमच्याच रत्नागिरी जिल्ह्यात, मंडणगड तालुक्यात वेळास आहे. नाना फडणवीसांचं मूळ गाव म्हणून आम्ही ते वर्गात शिकवायचो. ऑलिव्ह रिडले जातीची समुद्री कासवं तिथल्या वाळूत अंडी घालतात, आणि ती अंडी चोरली जात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ पासून गावकऱ्यांना बरोबर घेऊन घरटी राखायला सुरुवात केली. २००६ पासून कासव महोत्सव सुरू झाला. पिल्लं समुद्रात जाताना पाहायला लोक येऊ लागले. त्यांच्यासाठी किनाऱ्यावर रिसॉर्ट न बांधता गावकऱ्यांनी आपल्या घरांची दारं उघडली. घरच्याच खोल्या, घरचंच जेवण. पैसा थेट घरात, आणि बऱ्याच ठिकाणी घरच्या बाईच्या हातात! जुना पाहुणचार परत आला, पण या वेळी मोबदला चोख. अंड्यांपेक्षा जिवंत पिल्लू गावाला जास्त देऊन जातं, हे कळल्यावर राखण करायला वेगळा पोलीस लागत नाही.

आता गुहागरचा किनाराही कासवांसाठी ओळखला जातो. इथे वनखात्याच्या देखरेखीखाली घरटी राखली जातात. २०२३ मध्ये इथल्या दोन माद्यांच्या पाठीवर उपग्रहाला संदेश देणारं यंत्र बसवलं. त्यांची नावं ठेवली बागेश्री आणि गुहा. (दुसरं नाव ऐकून मला फार बरं वाटलं!) २०२५ च्या जानेवारीत तर एक नवलच घडलं. २०२१ मध्ये ओडिशात खूण केलेली एक मादी अंडी घालायला थेट गुहागरला आली. श्रीलंकेला वळसा घालून सुमारे ३,५०० किलोमीटरचा तिचा प्रवास असावा असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे.

तुमच्या हॉटेलचा आणि तिचा संबंध असा : पिल्लं रात्री अंड्यातून बाहेर आली की उजेडाच्या दिशेने चालू लागतात. निसर्गात तो उजेड समुद्रावरचा असतो. किनाऱ्यावर रिसॉर्टचे झगझगीत दिवे असले की ती उलटी जमिनीकडे येतात आणि मरतात. वाळूवर गाडी फिरवण्याची जी नवी हौस आली आहे, तिने घरटी दडपतात.

तर भाचरांनो, हॉटेलचं नाव मी सांगणार नाही. फोन करताना चार प्रश्न मात्र विचारा. पाणी विहिरीचं की टँकरचं? सांडपाणी कुठे जातं? ओला कचरा आगरात जिरवता की कुठे टाकता? रात्री समुद्राकडचे दिवे मालवता का? जो मालक न चिडता उत्तर देईल, त्याच्याकडे उतरा. मग तो निवास-न्याहारीवाला असो, नाहीतर मोठा लॉजवाला.

येताना शक्यतो रेल्वेने या. कोकण रेल्वेच्या मार्गाचं विद्युतीकरण २०२२ मध्ये पूर्ण झालं. चिपळूणला उतरलात की गुहागर पंचेचाळीसेक किलोमीटर, आणि एस.टी. आहे. दापोलीकडून येणाऱ्यांनी दाभोळ-धोपावे फेरीबोट घ्यावी, मोठा वळसा वाचतो. पाण्याची बाटली घरून आणा. आणि मुख्य म्हणजे एक रात्र नको, चांगले चार दिवस काढून या. तेवढ्याच जाण्यायेण्यात चौपट राहणं होतं, आणि दुसऱ्या दिवसापासून घरच्या माणसांची नावं कळू लागतात.

तुमच्या गावाकडे पाहुणे कुठे उतरत असत, त्यांच्या पाण्याची नि पानांची काय व्यवस्था होती, हे आठवत असेल तर जरूर लिहा. घरात कुणी ऐंशी-नव्वदीचं असेल तर आजच विचारून ठेवा.