सेल भरला, हे ओळखायचे कसे?

वाचकहो, आजचा विषय खिशात मावेल एवढा लहान आहे. आपण ज्याला पेन्सिल सेल म्हणतो, तो. भिंतीवरच्या घड्याळात एक असतो, टीव्हीच्या रिमोटमध्ये दोन असतात, आणि लग्नाचे फोटो काढणाऱ्याच्या फ्लॅशमध्ये चार. यातले बरेचसे सेल एकदा संपले की फेकायचे असतात. काही मात्र पुन्हा भरता येतात. भरायचे म्हटले की चार्जर आला, आणि चार्जर आला की एक प्रश्न आला. तो दिसतो साधा, पण त्याने शास्त्रज्ञांना सव्वाशे वर्षे दमवले. सेल भरला, हे ओळखायचे कसे?

मला हा प्रश्न भेटला शेलूबाजारात. कारंजाहून मालेगावकडे जाताना लागणारे, मंगरूळपीर तालुक्यातले हे गाव. आता समृद्धी महामार्गावरून तिथे उतरता येते. पण मी सांगतो ती गोष्ट २००७ च्या सुमाराची. त्या वर्षांत महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत भारनियमनाने लोक जेरीस आले होते. एका लग्नाला गेलो होतो. मुहूर्त गोरजाचा. मंगलाष्टके संपली, अंतरपाट दूर झाला, अक्षता पडल्या आणि नेमक्या त्या घटकेला फोटोग्राफरचा फ्लॅश उडाला नाही. माळ घातली गेली ती अंधुक उजेडातच. नवरीच्या वडिलांनी त्याला चार लोकांदेखत जे ऐकवले, ते इथे छापण्याजोगे नाही. बिचारा खाली मान घालून उभा होता. मागाहून मला म्हणाला, "काय सांगू सर, रातभर चार्जिंगले लावले होते. लाईन कवा गेली न् कवा आली, काई पत्ता नाही. सेल भरलेच नसतील."

मलाही तेव्हा तेच वाटले. पण खरा प्रकार उलटा होता. त्याचे सेल कमी भरल्यामुळे नव्हे, वारंवार फाजील भरल्यामुळे मेले होते. हे समजायला थोडे मागे जावे लागेल.

व्होल्टाने १८०० साली जस्ताच्या व तांब्याच्या चकत्यांची चळत रचून पहिला विद्युतघट केला. तो एकदा संपला की संपला. लेक्लांशे याचा १८६६ चा घटही त्याच जातीचा. आपल्या टॉर्चमधले जुने कोरडे सेल हे त्याचेच वंशज. मधल्या काळात, १८५९ साली, गॅस्टन प्लान्टे या फ्रेंच माणसाने शिशाचे पत्रे गंधकाम्लात बुडवले, त्यांतून वीज सोडली, आणि तीच वीज पुन्हा परत मिळवून दाखवली. मोटारीतली, ट्रॅक्टरमधली बॅटरी ती हीच. मौज अशी की, त्या वेळी डायनॅमो व्यवहारात आलेला नसल्याने प्लान्टे आपली बॅटरी भरायला दुसरे घटच वापरी.

या शिशाच्या बॅटरीचा एक मोठा गुण होता. ती उघडी असे, आणि तिला विचारता येई. तुमच्यातल्या जुन्या मंडळींना तालुक्याच्या गावचे बॅटरी-चार्जिंगचे दुकान आठवत असेल. आकाशवाणीचे नागपूर केंद्र १९४८ साली सुरू झाले, पण कितीतरी गावांत वीज पुढे पुष्कळ वर्षांनी आली. तोवर रेडिओ चालायचा तो बॅटरीवर. दुकानातला मिस्त्री एकेक बूच काढी, आत काचेची नळी घालून ॲसिड ओढून घेई आणि नळीतला काटा किती तरंगतो ते पाही. ॲसिड पाण्याच्या सव्वापटीहून किंचित जड झाले, म्हणजे बॅटरी भरली. नळी नसली तरी त्याला कळे: भरत आलेली बॅटरी बुडबुडे सोडू लागते, हाताला ऊन लागते. नळाखाली घागर लावणारी बाई आत डोकावून पाहत नाही, आवाज बदलला की तिला कळते. तसेच हे. म्हणजे हुशारी चार्जरमध्ये नव्हती, मिस्त्रीच्या डोळ्यांत आणि कानांत होती.

पुढे घटाचे तोंड बंद झाले आणि ही सोय गेली. स्वीडनच्या युंगनरने १८९९ साली निकेल आणि कॅडमियम या धातूंचा घट केला. तोही आधी उघडाच होता. १९४७ साली नॉयमान याने त्यात तयार होणारा वायू आतल्या आत जिरवण्याची युक्ती साधली आणि संपूर्ण बंद, सांडता न येणारा, आडवा-उभा कसाही ठेवता येणारा सेल निघाला. उपग्रहांत तो गेला. १९६२ च्या टेलस्टारमध्ये होता. घरोघरी आला. फोटोग्राफरांनी तर त्याला उचलूनच घेतले.

त्यांना त्याची निकड का होती, ते सांगतो. फोटोसाठी झगझगीत उजेड पाडण्याची धडपड जुनी आहे. १८८७ च्या सुमारास जर्मनीत मॅग्नेशियमची भुकटी पेटवत; त्यात हात, भुवया आणि कधी छपरेही जळत. १९२९-३० साली काचेचा फ्लॅश-बल्ब आला, एका फोटोला एक बल्ब. १९३१ साली अमेरिकेत एजर्टन याने विजेचा फ्लॅश साधला, आणि तोच आजही कॅमेऱ्यावर बसतो. त्याच्या पोटात एक कंडेन्सर असतो. चार पेन्सिल सेल मिळून जेमतेम पाच-सहा व्होल्ट देतात. त्यावरून हा कंडेन्सर तीनशे व्होल्टच्या घरात भरायचा, तोही चार-पाच सेकंदांत. त्यासाठी सेलला काही अँपिअर प्रवाह धाडकन द्यावा लागतो. घड्याळाला लागतो त्याच्या हजारो पट. साधा विकतचा सेल दीड व्होल्टचा आणि भरता येणारा सव्वा व्होल्टचा, म्हणून पहिला जोरकस वाटतो. पण पहिल्याला आतून अडथळा फार, दुसऱ्याला कमी. फ्लॅशमध्ये दुसराच लवकर पुढच्या फोटोला तयार होतो.

आता प्रश्न उरला भरण्याचा. बंद सेलमध्ये नळी घालता येत नाही, बुडबुडे दिसत नाहीत. मग कारखानदारांनी मिस्त्रीच्या जागी घड्याळ बसवले. हिशेब सरळ होता: दोन हजार मिलिअँपिअर-तासांचा सेल, दोनशेचा संथ प्रवाह, चौदा ते सोळा तास ठेवा. चार्जरच्या पाठीवर हेच छापलेले असे. जरा महागड्या चार्जरमध्ये वेळ संपताच बंद होणारा टायमर असे.

जिथे वीज अखंड असते तिथे हा हिशेब चालून जातो. आमच्याकडे कुठला चालणार! सेल पाच तास भरले, लाईन गेली. परत आली की टायमर बापडा मागचे सारे विसरून शून्यापासून मोजू लागे. पुन्हा गेली, पुन्हा शून्य. टायमर नसलेल्या चार्जरचा हिशेब माणसाने ठेवायचा, तर रात्री किती तास वीज होती, हे झोपलेल्या माणसाला कोण सांगणार? शिवाय सेल अर्धा रिकामा आहे की चतकोर, हे घड्याळाला ठाऊकच नसते. सेल भरून गेल्यावरही आत येणाऱ्या विजेची उष्णता होते, आत वायूचा दाब वाढतो, सेलची सुरक्षा-झडप उघडून ओल निघून जाते आणि आतला अडथळा वाढतो. असा सेल भिंतीवरचे घड्याळ महिनोन्‌महिने चालवील, पण फ्लॅशपुढे गुडघे टेकेल. आमचा फोटोग्राफर काय करी? फ्लॅश मंदावला की, "भरले नाहीत" असे समजून आणखी एक रात्र लावी. आजाऱ्याला अजीर्ण झाले असता भूक लागली समजून वाढत राहावे, तसा हा प्रकार. त्यात आपल्या वऱ्हाडचा उन्हाळा! वैशाखात पारा चव्वेचाळीसवर, आणि लग्नसराईही तेव्हाच.

यावर उपाय सापडला तो सेलच्याच वागण्यात. भरताना सेलचे व्होल्ट हळूहळू चढतात. पूर्ण भरला की आत प्राणवायू सुटून तो जिरू लागतो, सेल तापतो, आणि तापलेल्या सेलचे व्होल्ट किंचित खाली येतात. घागरीचा आवाज बदलतो तो क्षण हाच. कॅडमियमच्या सेलमध्ये ही घसरण दहा-वीस हजारांश व्होल्टची. पण १९८९ च्या सुमारास बाजारात निकेल आणि धातुसंयुगाचा, 'एनआयएमएच' नावाचा नवा सेल आला. त्यात वीज जास्त मावते, कॅडमियमचे विषही नाही. पण घसरण मात्र अवघी चार-पाच हजारांश. माणसाच्या डोळ्याला ती दिसणे शक्य नाही, म्हणून हे काम एका चिपकडे आले. ती सेकंदा-सेकंदाला व्होल्ट मोजते, जोडीला उष्णता किती वेगाने चढते ते पाहते, आणि खूण पटताच प्रवाह तोडते. यालाच स्मार्ट चार्जर म्हणतात. मला विचाराल तर हे नाव थोडे बढाईखोर आहे. जुना मिस्त्री करी तेच तो करतो. मात्र लाईन गेली-आली तरी तो फारसा गोंधळत नाही, कारण तो गेलेले तास मोजत नाही. वीज परत आली की सेलची हालत नव्याने पाहतो.

म्हणून मला वाटते की, हे यंत्र खरे खेड्यासाठी आहे. शहरात अखंड विजेवर टायमरही निभावला असता. पण आपल्याकडे दुकानात आधी पोहोचतो तो स्वस्त चार्जर. त्यात दोन-दोन सेल एकामागे एक जोडलेले असतात. एक भरलेला, दुसरा रिकामा असला तर पहिला फुकट शिजतो. चांगल्या चार्जरला प्रत्येक सेलसाठी वेगळा दिवा किंवा वेगळा आकडा असतो. घेताना एवढे पाहिले तरी पुष्कळ झाले. आणखी एक: सान्यो कंपनीने २००५ साली नुसता ठेवूनही फारसा न उतरणारा 'एनेलूप' सेल काढला. आधीचे सेल भरून ठेवले तरी काही आठवड्यांत बरेचसे रिकामे होत. तेव्हा हंगामी धंद्याच्या माणसाने तशा जातीचे सेल घ्यावे, चारही एकदम घ्यावे, आणि त्यांवर शाईने खूण करून ती चौकडी फोडू नये. एक कच्चा सेल बाकीच्या तिघांच्या रेट्याखाली उलटा भरला जातो आणि मरतो.

शिक्षकमित्रांनी मुलांना एक गोष्ट बजावावी. घरात संपलेले सेल उन्हात ठेवून थोडी धुगधुगी आणण्याची आपली जुनी चाल आहे. ती निरुपद्रवी म्हणू. पण साधा सेल चार्जरमध्ये घालू नये. तो फुगतो, गळतो, प्रसंगी फुटतो. आणि जुना कॅडमियमचा सेल उकिरड्यावर तर टाकूच नये. जपानात जिंझू नदीकाठी खाणीतले कॅडमियम भातात उतरून माणसांची हाडे ठिसूळ झाली; १९६८ साली तिथल्या सरकारने ते मान्य केले. आपल्याकडे २००१ चे बॅटरीचे नियम फक्त शिशाच्या बॅटरीपुरते होते. लहान सेल परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आली ती २०२२ च्या नियमांनी.

शेलूबाजारच्या त्या फोटोग्राफरने पुढच्याच हंगामात नवा चार्जर घेतला. आता त्याच्या कॅमेऱ्यात लिथियमची बॅटरी आहे, तिचा चार्जर तिच्याबरोबरच येतो. फ्लॅशमध्ये अजून चार पेन्सिल सेलच लागतात. गेल्या खेपेस गेलो तेव्हा काउंटरखाली झाकणाची एक प्लॅस्टिकची बरणी दाखवली त्याने. मेलेले सेल त्यात टाकतो. म्हणाला, "नेणारा कोणी येईल तवा देऊ, सर." बरणी पाऊण भरली होती.