आयर्लंडचा लढा : धर्माचा की न्यायाचा?

आयर्लंडचा स्वातंत्र्यलढा म्हणजे कॅथलिकांनी प्रॉटेस्टंटांशी दिलेली झुंज, असे आपण सहज मानतो. इतिहास मात्र आपल्याला थोडे थांबावयास सांगतो. १६९५ पासूनच्या दंडक कायद्यांनी कॅथलिकांचे जमीन, शिक्षण व राजकारणातील हक्क हिरावले, हे खरेच. डॅनियल ओ'कॉनेल यांच्या सनदशीर चळवळीमुळे १८२९ मध्ये पार्लमेंटचे दार त्यांना खुले झाले. परंतु १७९८ च्या उठावाचे एक प्रणेते वुल्फ टोन प्रॉटेस्टंट होते. पुढे स्वराज्याची मागणी पार्लमेंटमध्ये गाजविणारे पार्नेलही प्रॉटेस्टंटच.

१८४५ पासून बटाट्याचे पीक कुजले. भूक व रोगराईने सुमारे १० लाख माणसे दगावली, जवळजवळ तितकीच परागंदा झाली. बंदरांतून धान्य मात्र इंग्लंडला जातच राहिले. ही जखम पिढ्यान्‌पिढ्या भळभळत राहिली. १९१६ च्या ईस्टर सोमवारी डब्लिनमध्ये बंड झाले. १५ नेत्यांना गोळ्या घातल्या गेल्या आणि जनमत पालटले. १९२१ च्या तहानंतर स्वतंत्र राज्य जन्मास आले. उत्तरेचे सहा परगणे तेवढे ब्रिटनकडे राहिले. तेथील दीर्घ रक्तपात १९९८ च्या गुड फ्रायडे कराराने बव्हंशी शमला.

अन्याय धर्माचे नाव घेऊन आला, म्हणून न्यायाचा लढा एकाच धर्माचा ठरत नाही, एवढे आपण ध्यानी धरू या.