गोंदिया परिसरातील एकदिवसीय सहली
१ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळ्या झालेल्या गोंदिया जिल्ह्यातील बहुतेक प्रेक्षणीय स्थळे शहरातून सकाळी निघून संध्याकाळी परतता येईल इतकी जवळ आहेत. नागरा येथील प्राचीन शिवमंदिर तर शहरालगतच आहे.

सर्वांत समृद्ध सहल नवेगावबांधची. येथील विस्तीर्ण तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, असे मानले जाते. डोंगरांमधल्या खिंडी पाळी (बांध) घालून अडवण्याचे कोहळी समाजाचे कसब पाहण्यासाठी तरी इथे यावे. निसर्गलेखक मारुती चितमपल्ली यांचे पुष्कळसे लेखन याच जंगलातले. १९७५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालेले हे वन २०१३ पासून नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात आहे. जवळच गाढवी नदीवर इटियाडोह धरण आहे.

सालेकसा तालुक्यात, दरेकसा स्थानकाजवळ हाजरा फॉल धबधबा आहे. त्याच भागातील कचारगडची गुहा गोंड समाजाचे श्रद्धास्थान असून माघ पौर्णिमेला तेथे मोठी यात्रा भरते. या गुहेला केवळ सहलीचे ठिकाण समजणे गैर होय.

पावसाळ्यात धबधबा भरात असतो, मात्र व्याघ्र प्रकल्पातील सफारी तेव्हा बंद असते.