आचार्य की आचारी?

परवा पुण्याहून ताईचा फोन आला. "अरे, अण्णांच्या आठवणींची फाइल पाठव ना मला. नातवाला शाळेत मुक्तिसंग्रामावर बोलायचंय." म्हटलं, त्यात काय, पाच मिनिटांत पाठवतो.

त्या पाच मिनिटांचे तीन आठवडे झाले. त्याचीच ही कथा. थोडी आमच्या घरची आहे, बरीचशी आपल्या सगळ्यांच्या अक्षरांची.

१९९८ साली हैदराबाद मुक्तिसंग्रामाला पन्नास वर्षं झाली, तेव्हा अण्णांनी दोन वह्या भरून आठवणी लिहिल्या. औरंगपुऱ्यातल्या एका डीटीपीवाल्याकडून त्या टाइप करून घेतल्या, पंचवीस प्रती काढल्या आणि नातेवाइकांत वाटल्या. पुढे वह्यांना वाळवी लागली. माझ्या प्रतीतली अकरा आणि बारा ही दोन पानं गळून गेलीत. ताईची प्रत घर बदलताना हरवली. फाइल मात्र मी जिवापाड जपली होती. फ्लॉपीवरून सीडीवर, सीडीवरून पेन ड्राइव्हवर, तिथून या लॅपटॉपवर. दर वेळी कॉपी करायचो आणि निश्चिंत व्हायचो. उघडून मात्र एकदाही पाहिली नाही!

आता उघडली तर पानभर इंग्रजी अक्षरं, कंस, टक्क्याची चिन्हं, स्वल्पविराम. मराठीचा एक काना नाही. अण्णांचं सगळं लिखाण जणू मांजरानं कीबोर्डवर चालून केलेलं.

यातली गंमत (गंमत कसली, वैताग!) अशी की फाइल बिघडलेली नव्हतीच. ती १९९८ साली होती तशीच्या तशी होती. त्या काळी डीटीपीच्या दुकानांतून श्रीलिपी, आकृती, आयएसएम, शिवाजी असे फॉन्ट चालत. कॉम्प्युटरला मुळात इंग्रजी अक्षरांचे नंबर तेवढे ठाऊक. मग या फॉन्टवाल्यांनी युक्ती केली. इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी अक्षरांचे तुकडे बसवले. कुठे अर्धा ग, कुठे काना, कुठे रफार. पडद्यावर दिसायचं सुंदर मराठी, पण कॉम्प्युटरच्या लेखी ते इंग्रजीच. मराठीचा अंगरखा घातलेली निरर्थक इंग्रजी अक्षरं म्हणा ना. फॉन्ट गेला की अंगरखा गेला. शिवाय प्रत्येक फॉन्टचे तुकडे वेगवेगळ्या जागी, त्यामुळे एकाचं लिखाण दुसऱ्यात वाचता येईना.

ही तुकडे जोडायची सवय टाइपरायटरची. मराठी टाइपरायटरवर कळा मोजक्या आणि आपली जोडाक्षरं शेकड्यांनी. म्हणून अर्धं अक्षर मारायचं, वर काना मारून ते पूर्ण करायचं. पहिली वेलांटी आधी आणि अक्षर नंतर. ज्यांनी टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये बसून असं शिकून तीस-चाळीसची परीक्षा दिली, त्यांचीच बोटं पुढे डीटीपीत आली. त्यांना आपलं वाटावं म्हणून फॉन्टही तसेच झाले. टाइपरायटर गेला, पण त्याची अडचण तेवढी फॉन्टात राहायला आली.

तोडगा नव्हता असंही नाही. आयआयटी कानपूरला भारतीय लिप्यांवर जे काम झालं, ते १९८८ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅकमध्ये पुढे वाढलं. १९९१ मध्ये भारतीय मानक ब्यूरोनं 'इस्की' हे मानक ठरवलं. भारतीय लिप्यांच्या अक्षरांना कोणते नंबर द्यायचे, याची ती सर्वमान्य यादी. १९९१ मध्येच युनिकोडची पहिली आवृत्ती आली आणि देवनागरीची मांडणी तिनं इस्कीच्या १९८८ च्या आराखड्यावरून घेतली. म्हणजे अण्णांची वही टाइप झाली त्याच्या सात वर्षं आधी मानक तयार होतं! पण दुकानदाराला हवी होती सुबक छपाई. फाइल पंचवीस वर्षांनी कोणी वाचेल, हा विचार ना त्याच्या डोक्यात, ना आमच्या. विंडोजमध्ये देवनागरी आली ती २००० साली. एक्सपीतसुद्धा आधी सीडी घालून ती बसवून घ्यावी लागे. हा उद्योग तुमच्यापैकी अनेकांनी केला असेल.

युनिकोड आलं म्हणून त्रास संपला का? छे! फक्त रूप बदललं. इतक्या वर्षांत मी या दुखण्यांचे चार प्रकार करून ठेवलेत.

पहिलं, चौकोन. अक्षराच्या जागी रिकामी डबी. म्हणजे मजकूर शाबूत आहे, फॉन्टमध्ये ते अक्षर नाही. घाबरू नये.

दुसरं, उडी मारणारी वेलांटी. 'किरण'चं 'करिण' दिसतं. अक्षरं बरोबर आहेत, ती जुळवणारी यंत्रणा गाढ झोपलेली आहे. आपल्या क्रांती चौकातले फ्लेक्स बघत चला, एखादा नमुना नक्की सापडेल. इथेही मजकूर सहसा शाबूत असतो.

तिसरं, परकी अक्षरं. ओळभर एकच टोपीवाला इंग्रजी 'ए' पुन्हा पुन्हा. याचं कारण मजेशीर आहे. वेबवर युनिकोड ज्या पद्धतीनं साठवतात, तीत एका देवनागरी अक्षराला तीन बाइट लागतात आणि पहिला बाइट सगळ्यांचा सारखाच असतो. वाचणाऱ्या प्रोग्रामला पद्धत कळली नाही की तो एकेक बाइट म्हणजे एकेक युरोपीय अक्षर समजतो. चुकीच्या चष्म्यातून वाचलंय इतकंच. चष्मा बदलला की मराठी परत मिळते.

आणि चौथं, प्रश्नचिन्हं. हे मात्र वाईट. '????' दिसलं की समजावं, कुठल्यातरी टप्प्यावर मजकूर अशा डब्यात ओतला गेला जिथे देवनागरीला जागाच नव्हती. बसलं नाही ते सांडलं. मागे राहिलं नुसतं प्रश्नचिन्ह, आणि त्यावरून मूळ अक्षर काढता येत नाही. छोट्या वेबसाइटी चालवणारे ज्यावर अवलंबून असतात त्या मायएसक्यूएल डेटाबेसचं उदाहरण घ्या. हे स्वीडनमध्ये जन्मलेलं सॉफ्टवेअर. वेगळं काही सांगितलं नाही तर मजकूर युरोपीय लिपीचा आहे आणि त्याचा वर्णक्रम स्वीडिश आहे, असं ते धरून चालायचं. हे गृहीतक बदललं थेट २०१८ साली, आठव्या आवृत्तीत. तोवर सर्व्हर हलवला, बॅकअप परत चढवला, की जरा नजर चुकली आणि झाली मराठीची प्रश्नचिन्हं. चालवणारा बिचारा रात्र जागून दुरुस्त करायचा, आणि पुढच्या वेळी पुन्हा तेच. लिहिणारे त्याच्यावर चिडत, पण चूक त्याच्या जन्माआधीच्या गृहीतकाची होती.

आता वळतो अण्णांच्या फाइलकडे. जुन्या फॉन्टचं युनिकोड करणारा एक फुकट कन्व्हर्टर मिळाला. फाइल त्यात घातली आणि काय सांगू, अण्णा बोलायला लागले! पण मध्ये मध्ये अडखळत. 'शेतक?यांनी', 'पहा?यावर', 'म्हाता?या'. लक्षात आलं, गायब झालंय ते एकच अक्षर. आपला 'ऱ्य'मधला आडवा अर्धा र. रफार सगळीकडे ठीक. सूर्य, कार्य, धैर्य चोख उमटलेले. हा आडवा र मराठीत घडोघडी लागतो, पण हिंदीत त्याचं काम पडत नाही. बहुधा कन्व्हर्टर करणाऱ्याच्या यादीत तो आलाच नसावा.

गळालेल्या बाराव्या पानावर सप्टेंबर १९४८ च्या दिवसांचं वर्णन आहे. १३ तारखेला पोलीस कारवाई सुरू झाली आणि १७ तारखेला निजामानं शरणागती पत्करली, त्या पाच दिवसांतलं. तिथे हे वाक्य सापडलं: 'त्या दोघा आचा?यांना आईने माळ्यावर निजायला जागा दिली.'

ताईला फोनवर वाचून दाखवलं. ती म्हणाली, "आचार्यांना! आठवत नाही का? रझाकारांच्या भीतीनं लपलेले दोन मास्तर आजीनं लपवले होते." आमच्या घरात ही गोष्ट अशीच सांगितली जाते. लग्नकार्यात मीही ती अशीच सांगितलेली आहे.

पण प्रश्नचिन्ह वेगळंच सांगत होतं. शब्द 'आचार्यांना' असता तर रफार नीट उमटला असता, 'सूर्य'मध्ये उमटला तसा. ज्या अर्थी तो हरवला, त्या अर्थी तिथे आडवा र होता. म्हणजे शब्द 'आचाऱ्यांना'. लपलेले मास्तर नव्हते, स्वयंपाकी होते!

आत्याला विचारलं. ती तेव्हा दहा वर्षांची. "आचारीच ते. गौरीच्या जेवणाला मनमाडहून आलेले. वाट बंद झाली म्हणून अडकले. पुरणपोळी काय करायचे!" पन्नास वर्षं आम्ही दोन आचाऱ्यांना आचार्य करून ठेवलं होतं. थोडं वाईट वाटलं खरं. पण परगावच्या दोन घाबरलेल्या माणसांना त्या दिवसांत आजीनं घरात घेतलं, हे काय कमी आहे? आणि हे अण्णांनी जसं होतं तसं लिहिलं होतं. फुगवलं ते आम्ही.

हाच र अजूनही धोक्यात आहे बरं का. तो युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहितात. एक, नुक्ता असलेला 'ऱ' वापरून. दुसरी, साधा र, हलन्त आणि मागे एक न दिसणारं जोडचिन्ह. काही प्रोग्राम साफसफाई करताना न दिसणारी चिन्हं काढून टाकतात. मग शेतकऱ्यांचे 'शेतकर्यां' होतात आणि आचाऱ्यांचे सरळ आचार्य. इथे प्रश्नचिन्हसुद्धा उमटत नाही, त्यामुळे काही बदललंय असा संशयही येत नाही. शक्य असेल तर पहिली तऱ्हा वापरा.

या निमित्तानं आणखी एक गाठोडं उघडलं. आजोबा मोंढ्यात एका अडत्याकडे दिवाणजी होते. त्यांचे कागद मोडीत आहेत. अण्णांचं वरच्या वर्गांतलं शिक्षण निजामी राज्यातलं, म्हणून उर्दूतून. त्यांनी लिहिलं ते देवनागरीत. माझं सगळं युनिकोडमध्ये. चार पिढ्याही नाहीत, तिघांतच एवढं, आणि मला आजोबांची एक ओळ वाचता येत नाही. मोडीची परंपरा आपण ज्या हेमाडपंतांशी जोडतो, ते देवगिरीच्या यादवांचे मंत्री. देवगिरी इथून जेमतेम पंधरा किलोमीटर! आणि २०२३ मध्ये न्यायमूर्ती शिंदे समितीनं कुणबी नोंदींसाठी मराठवाड्यातली निजामकालीन दप्तरं उघडली, तेव्हा मोडी आणि उर्दू वाचणारे शोधून आणावे लागले. कागद होते, शाई होती, लोकांचे हक्क त्यावर टांगलेले होते. वाचणारे मात्र हाताच्या बोटांवर. मोडीला २०१४ साली युनिकोडमध्ये जागा मिळाली, हे चांगलंच झालं. पण जागा मिळाल्यानं वाचता येत नाही, ते शिकावंच लागतं.

मला वाटतं, आपली चूक इथे होते. मजकूर जपला म्हणजे तो टिकला असं आपण धरतो. मी सत्तावीस वर्षं फाइल जपली आणि वाचता येते का हे एकदाही पाहिलं नाही. अक्षर नव्या यंत्रावर गेलं की कोणीतरी बसून, जुन्याशी ताडून, ते वाचावं लागतं. यंत्र बदलेल तेव्हा पुन्हा. ते काम कोणी केलं नाही की तीच चूक नवं रूप घेऊन परत येते, आणि आपण दर वेळी नव्यानं चिडतो.

असो. आता अण्णांच्या आठवणी पूर्ण युनिकोडमध्ये आल्यात. ताई फोनवर मूळ प्रतीवरून मोठ्यानं वाचायची... म्हणजे माझ्याच प्रतीच्या झेरॉक्सवरून, आणि मी पडद्यावर ताडायचो. अकरा आणि बारा पानांपुरती आत्या साक्षीला. चांगल्या कागदावर दहा प्रतीही काढल्या. मूळ फाइल जशी होती तशी वेगळी ठेवलीय, कारण त्या प्रश्नचिन्हांखालचं खरं उत्तर तिच्यातच आहे.

तुमच्याकडे १९९०-२००० च्या सुमारास टाइप केलेलं घरचं काही असेल, आजीच्या ओव्या, वंशावळ, कुणाचं आत्मचरित्र, तर आज रात्री एकदा उघडून बघा. ती लिहिणारी किंवा आठवणारी माणसं आहेत तोवर.

नातवानं शाळेत भाषण केलं. दोन आचाऱ्यांची गोष्ट सांगितली. ताई म्हणाली, मुलांना पुरणपोळीचा भाग सगळ्यांत आवडला.