ड्रॉप्सी, फॉक्सग्लव्ह आणि मात्रेचा शोध

अठराव्या शतकातील इंग्लंडमध्ये पायांवरची सूज, पोटात साचलेले पाणी आणि आडवे होताच लागणारी धाप ही सारी लक्षणे ‘ड्रॉप्सी’ या एकाच नावाखाली येत. हा विकार हृदय, यकृत किंवा मूत्रपिंड यांपैकी कशाच्याही बिघाडातून उद्भवू शकतो, हे तेव्हा स्पष्ट झालेले नव्हते. आज हृदयविफलता म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अवस्थेत शरीराला पुरेसे रक्त पुढे ढकलण्याची हृदयाची क्षमता उणावते, मूत्रपिंडांना रक्त कमी पडल्याने ती मीठ व पाणी धरून ठेवतात आणि ते पाणी पायांत, पोटात व फुफ्फुसांत साठते. ही साखळी अज्ञात असताना वैद्य रेचके देत किंवा पोटाला छिद्र पाडून पाणी काढत, परंतु ते पुन्हा भरे.

1775 मध्ये विल्यम विदरिंग या वैद्याकडे एका घरगुती औषधाविषयी अभिप्राय मागण्यात आला. श्रॉपशरमधील एका वृद्ध स्त्रीने गुप्त ठेवलेली ती कृती, नामांकित वैद्यांनी हात टेकलेल्या रुग्णांनाही गुण देई. त्यात वीस किंवा अधिक वनस्पती होत्या. वनस्पतिशास्त्रात मुरलेल्या विदरिंगने त्यांतील गुणकारी वनस्पती फॉक्सग्लव्ह, म्हणजे डिजिटॅलिस, हीच असल्याचे ताडले. तथापि ही वनस्पती विषारी असल्याने ओळख पटल्यावरच सुरक्षित मात्रा ठरवण्याचे खरे काम सुरू झाले. पुढील दहा वर्षे त्याने बर्मिंगहॅममध्ये फुलोऱ्याच्या काळातील पाने वाळवून त्यांची पूड ग्रेन या वजनाच्या छोट्या मापाने दिली आणि 1785 मध्ये 163 रुग्णांच्या नोंदी ग्रंथरूपाने प्रसिद्ध केल्या. निवडक यशस्वी नोंदी छापून औषधाची कीर्ती वाढवणे सोपे असतानाही त्याने अपयशे वगळली नाहीत, आणि हाच त्या ग्रंथाचा सर्वांत मोठा गुण होय. मूत्रपिंड, जठर, नाडी किंवा आतडी यांपैकी कोठेही परिणाम दिसू लागताच औषध थांबवावे, हा त्याचा नियम होता. डिजिटॅलिस हे मूत्रल, म्हणजे लघवी वाढवणारे, औषध आहे असे तो मानीत असला, तरी हृदयाच्या गतीवरील त्याचा असामान्य प्रभावही त्याने नोंदवला.

त्या स्त्रीचे नाव विदरिंगने कोठेही दिलेले नाही. ‘मदर हटन’ हे पुढे रूढ झालेले नाव विसाव्या शतकातील एका औषध कंपनीच्या जाहिरातीतून पसरले. मूळ ज्ञान जिचे, तिची ओळख अशा कल्पित नावाने भरून काढणे हा तिच्यावरील दुसरा अन्याय म्हटला पाहिजे.

विदरिंगनंतर अनेकांनी त्याचा नियम डावलून क्षयासारख्या असंबद्ध रोगांतही डिजिटॅलिस वापरले आणि त्याची प्रतिष्ठा ढासळली. विसाव्या शतकाच्या आरंभी जेम्स मॅकेन्झी प्रभृती वैद्यांनी, हृदयाचे वरचे कप्पे अनियमित थरथरत असताना नाडी मंदावण्यासाठी ते विशेष उपयोगी ठरते, हे दाखवले. 1930 मध्ये सिडनी स्मिथ या रसायनशास्त्रज्ञाने फॉक्सग्लव्हच्याच एका भगिनी-जातीपासून डिगॉक्सिन हे शुद्ध द्रव्य वेगळे केले, त्यामुळे पानागणिक बदलणाऱ्या तीव्रतेचा प्रश्न सुटला. पुढे अधिक प्रभावी मूत्रल औषधे आली, आणि 1987 मध्ये एनालाप्रिल या रक्तवाहिन्या सैल करणाऱ्या औषधाने तीव्र हृदयविफलतेतील मृत्यू कमी होतात असे सिद्ध झाले. 1997 मध्ये 6800 रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, त्यांनुसार डिगॉक्सिनने एकूण मृत्युप्रमाण घटले नाही, मात्र हृदयविफलता बळावून रुग्णालयात दाखल व्हावे लागण्याचे प्रमाण घटले. याच चाचणीच्या नंतरच्या विश्लेषणांत रक्तातील औषधाचे प्रमाण अधिक असलेल्या पुरुषांमध्ये मृत्यू अधिक आढळले, आणि तेव्हापासून ते प्रमाण पूर्वीपेक्षा कमी राखले जाऊ लागले.